‘करायला’ दिसलं की ‘टू’ लावा? जरा थांबा

स्पोकन इंग्लिशच्या ग्रुपवर आणि रील्समध्ये एक फॉर्म्युला जोरात फिरतोय. मराठी वाक्यात ‘करायला’, ‘जायला’, ‘वाचायला’ आलं की विशेषणापुढे ‘टू’ लावायचा आणि पुढे मूळ क्रियापद ठेवायचं. कुठलंही विशेषण चालतं. वाक्याचा कर्ता तोच काम करणारा. ‘टू’नंतर आयएनजी कधीच येत नाही. मध्ये माणूस आणायचा तर ‘फॉर’ लावायचा. आणि वर दिलासा, की ‘टू’ हुकला तरी अर्थ तोच राहतो, घाबरू नका. ऐकायला सोपं आहे, म्हणूनच पसरलंय. यातला एकही नियम जसाच्या तसा टिकत नाही.

‘कुठलंही विशेषण चालतं’

रेडी, एबल, विलिंग, ईगर, ग्लॅड यांच्यापुढे ‘टू’ चालतो हे खरं. पण कुठल्या विशेषणापुढे काय येणार हे अर्थावरून ठरत नाही. एबल आणि केपेबल अर्थाने सख्खे शेजारी. तरी ‘शी इज एबल टू मॅनेज द ब्रँच’ बरोबर आणि ‘शी इज केपेबल टू मॅनेज द ब्रँच’ चूक. तिथे ‘केपेबल ऑफ मॅनेजिंग’च हवं. ‘सांभाळण्यास सक्षम’ असं डोक्यात असलं की बायोडेटात ही चूक ठरलेली. तसंच ‘ही इज बिझी कुकिंग’, ‘बिझी टू कुक’ नाही. ‘द बुक इज वर्थ रीडिंग’, ‘वर्थ टू रीड’ नाही. ‘ही इज लाइकली टू कम’ चालतं, ‘ही इज प्रॉबेबल टू कम’ अजिबात नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ पॉसिबलचा. ‘उद्या यायला जमेल’ याचं ‘आय ॲम पॉसिबल टू कम टुमॉरो’ होतं. माणूस पॉसिबल नसतो. ‘इट इज पॉसिबल फॉर मी टू कम’ म्हणा, किंवा सरळ ‘आय कॅन कम’. गंमत म्हणजे ‘ही इज इम्पॉसिबल टू प्लीज’ हे वाक्य मात्र अस्सल इंग्रजी आहे. ते का चालतं, ते पुढच्या मुद्द्यात.

‘कर्ता तोच काम करणारा’

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1960च्या दशकात भाषाशास्त्रात गाजवलेली वाक्यांची एक जोडी इथे कामाची आहे: ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. शब्दांचा क्रम तोच, बदललंय फक्त विशेषण. पहिल्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला उतावीळ आहे. दुसऱ्यात जॉनला खूश करणं सोपं आहे. खूश करणारे दुसरेच कुणी. म्हणजे ईझीच्या वाक्यात जो कर्ता दिसतो, तो पुढच्या क्रियापदाचं कर्म असतो. ईझी, डिफिकल्ट, हार्ड, इम्पॉसिबल, डेंजरस, सेफ, नाइस, प्लेझंट ही सगळी याच गटातली. ईगर, विलिंग, रिलक्टंट, एबल, ग्लॅड दुसऱ्या गटातली. रेडी दोन्हीकडे नांदतो: पाकिटावर ‘रेडी टू ईट’ लिहिलेलं असतं तेव्हा आतली भाजी खाल्ली जाणार असते, ‘आय ॲम रेडी टू ईट’ म्हणणारा मात्र स्वतः ताटावर बसलेला असतो.

ईझीच्या गटात तीन चुका वारंवार होतात.

पहिली: ‘मला यायला अवघड आहे’चं ‘आय ॲम डिफिकल्ट टू कम’. मराठीत काम करणारा ‘मला’ होऊन बसतो, आणि घाईत त्याचा ‘आय’ होतो. खरं तर ‘मी’ इथे कर्म नाही, आणि ‘कम’ला कर्म लागतच नाही. म्हणून ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू कम’.

दुसरी: शेवटी उगाच ‘इट’ ठेवणं. ‘धिस फॉर्म इज ईझी टू फिल इट’ चूक, कारण फॉर्म सुरुवातीलाच येऊन गेलाय, ती जागा आता रिकामीच हवी. ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक इट’ मध्येही तेच. (या वाक्यात दोन ‘टू’ आहेत आणि देवनागरीत ते सारखेच दिसतात, बोलताना पहिला, म्हणजे ‘फारच’ या अर्थाचा, ठासून येतो आणि दुसरा जवळजवळ ‘ट’ इतका आखूड होतो.)

तिसरी सगळ्यात चिवट: शब्दयोगी गाळणं. मराठीत ‘ही खुर्ची बसायला छान आहे’ म्हटलं की काम झालं, ‘वर’ म्हणायची गरज नसते. इंग्रजीत ‘धिस चेअर इज नाइस टू सिट’ अर्धवट राहतं. ‘टू सिट ऑन’ हवं. ‘नाशिक इज अ गुड सिटी टू लिव्ह इन’. ‘धिस पेन इज नाइस टू राइट विथ’. ‘ही इज डिफिकल्ट टू टॉक टू’: शेवटचा ‘टू’ गेला, तर माणसाशी बोलणं अवघड आहे हे पोहोचतच नाही.

पडताळणी अशी करायची. ‘टू’नंतरचं क्रियापद घ्या आणि कर्ता त्याच्या पुढे ठेवून बघा. ‘राइट धिस पेन’? जमत नाही. ‘राइट विथ धिस पेन’? जमतं. मग ‘विथ’ ठेवायचाच. ‘रीड धिस बुक’ तसंच जमतं, म्हणून ‘धिस बुक इज ईझी टू रीड’ इथे काही जोडायचं नाही. ‘कम मी’ जमत नाही, आणि ‘कम टू मी’ म्हटलं तर अर्थच बदलतो, मग वाक्य ‘इट इज’ने सुरू करायचं.

‘टू’नंतर आयएनजी कधीच नाही

‘आय यूज्ड टू लिव्ह इन सातारा’ म्हणजे पूर्वी राहायचो. ‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन’ म्हणजे एकटं राहायची सवय आहे. दुसऱ्यातला ‘टू’ क्रियापदाचा नाही, तो शब्दयोगी आहे. ओळखायला ‘टू’पुढे एखादं नाम ठेवा: ‘यूज्ड टू द नॉइज’ चालतं, म्हणून क्रियापद आलं तर आयएनजीसकट. ‘रेडी टू द नॉइज’ चालत नाही, म्हणून तिथे मूळ क्रियापद. कमिटेड, अपोज्ड, ॲडिक्टेड, अकस्टम्ड ही यूज्डच्या पंगतीतली.

‘माणूस आला की फॉर’

‘इट इज इम्पॉर्टंट फॉर यू टू साइन हिअर’ ठीक. पण ‘मदत केलीत, तुमचा चांगुलपणा’ म्हणायचं तर ‘इट वॉज काइंड ऑफ यू टू हेल्प’, फॉर नाही. काइंड, रूड, सिली, जेनरस, केअरलेस ही विशेषणं कामावरून माणसाला दाखला देतात, म्हणून ‘ऑफ’. गुड दोन्हीकडे जातो आणि अर्थ बदलतो: ‘इट्स गुड फॉर यू टू वॉक’ म्हणजे चालणं तब्येतीला बरं, ‘इट वॉज गुड ऑफ यू टू कम’ म्हणजे आलात, बरं वाटलं. शंका आली तर ‘यू आर काइंड’ म्हणून बघा. त्याच अर्थाने बसलं तर ‘ऑफ’. ‘यू आर इम्पॉर्टंट’ वेगळंच काही सांगतं, तेव्हा ‘फॉर’.

‘अर्थ तोच राहतो’

हा दिलासा सगळ्यात महागात पडतो. ‘ही इज शुअर टू विन’ मध्ये खात्री बोलणाऱ्याची आहे: तो जिंकणारच. ‘ही इज शुअर ऑफ विनिंग’ मध्ये खात्री त्याची स्वतःची. बोलणाऱ्याला ती पटलेली असेलच असं नाही. शिफारसपत्रात हे उलटं झालं तर कौतुकाच्या जागी उमेदवाराच्या फाजील आत्मविश्वासाची नोंद होते. ‘सॉरी टू डिस्टर्ब यू’ दार वाजवताना म्हणायचं, ‘सॉरी फॉर डिस्टर्बिंग यू’ झाल्या प्रकाराबद्दल. ‘नाइस टू मीट यू’ पहिल्या भेटीत हात मिळवताना, ‘नाइस मीटिंग यू’ निरोप घेताना.

विशेषण पाठ करताना त्याची पुढची जोडही सोबत पाठ करावी लागते, दुसरा जवळचा रस्ता नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठीचे शब्दकोश ही जोड विशेषणाच्या नोंदीतच देतात. मराठी अर्थ बघून कोश मिटायचा नाही, ठळक छापलेल्या ओळी बघायच्या. अफ्रेड काढलात तर तिथे ‘टू’ही मिळेल आणि ‘ऑफ’ही. ‘अफ्रेड टू क्रॉस द रोड’ म्हणजे भीतीने रस्ता ओलांडत नाही. ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’ म्हणजे पडण्याची भीती वाटते. पडायला कुणी मुद्दाम जात नाही, म्हणून त्या अर्थाने ‘अफ्रेड टू फॉल’ बसत नाही.