‘हा तर इंग्रजीत गुंडाळलेला वशिला’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा. उत्तराला चार दिवस लागले, त्यातले दोन राग गिळण्यात गेले हे खरं सांगते. आणि मॅडम नका म्हणू, ताई म्हणा, चालेल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, कारण हे बऱ्याच जणांच्या मनात असणार. दादा मूळचे लातूरकडचे, डिप्लोमा मेकॅनिकल, वाळूजला एका मशीन शॉपमध्ये तीन वर्षं व्हीएमसीवर (संगणकाच्या प्रोग्रामवर धातू कापणारं मशीन). लिंक्डइनवर ओळखी वाढवून नोकरी कशी शोधायची हा माझा लेख वाचून त्यांनी १५० लोकांना रिक्वेस्ट पाठवल्या, ४० जणांनी घेतल्या, त्या चाळीसही जणांना मी लेखात दिलेला मेसेज जसाच्या तसा पाठवला, उत्तरं आली तीन, त्यातलं एक ‘जॉब साइटवर बघा’ एवढंच. म्हणून त्यांचं म्हणणं, हे सगळं पुण्यातल्या मोठ्या कॉलेजवाल्यांचं काम, इंग्रजीत गुंडाळलेला वशिला, आम्ही नुसतं हात जोडून उभं राहायचं आणि वर तुमची लेक्चरं ऐकायची.

आधी माझी चूक. तो तयार मेसेज मी द्यायलाच नको होता. लिहिताना वाटलं पोरांना सोपं पडेल, पण गेल्या महिन्यात तोच मेसेज मलाच तीन वेगवेगळ्या मुलांकडून आला, स्वल्पविरामासकट, आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. म्हणजे तुम्हाला ज्या ३७ जणांनी उत्तर दिलं नाही त्यांच्याच पंगतीत मी बसलेय. मेसेज आज लेखातून काढलाय.

आता वशिल्याचं. ज्याला तुम्ही वशिला म्हणता त्या रेफरलमध्ये, म्हणजे आतल्या माणसाच्या शिफारशीत, काय होतं माहितीये का, आतला माणूस कंपनीच्या पोर्टलवर तुमचा रेझ्युमे टाकतो आणि खाली त्याचं नाव लागतं. बऱ्याच ठिकाणी तुम्ही लागलात आणि काही महिने टिकलात तर त्याला बोनस मिळतो, त्यामुळे तो काही फार उपकार करत नसतो. पण उद्या तुम्ही इंटरव्ह्यूला गेलाच नाहीत तर एचआर त्याला विचारणार. अनोळखी माणसासाठी एवढं कोण करेल? मी तरी नाही करत. वशिल्याने मुलाखतीआधीच काम होतं, इथे फार तर रेझ्युमे उघडून बघितला जातो. (आणि रेफरलसाठी पैसे मागणारा भेटला तर सरळ ब्लॉक करा, विचारही करू नका.)

मी काही मोठ्या कॉलेजची नाही हो. सांगली जिल्ह्यातलं कॉलेज, मग शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला. तिथे एका एसजी आयर्नच्या (ज्यात ग्रॅफाइट गोल कणांच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड) ब्रॅकेटने वैताग आणला होता, लॅडलमधून (वितळलेला धातू ओतायची मोठी बादली) भरलेल्या पहिल्या साच्यांचे पीस मस्त आणि शेवटच्या दोन-तीन साच्यांत नॉड्युलॅरिटी, म्हणजे त्या गोल कणांचं प्रमाण, घसरलेली, रोजचं रिजेक्शन आणि रोजची बोलणी. शेवटी एका रात्री कंटाळून लिंक्डइनवरच्या एका फाउंड्री ग्रुपमध्ये मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला, सोबत मायक्रोस्ट्रक्चरचे दोन फोटो, कस्टमरचं नाव-बिव काही नाही. कोइमतूरच्या एका वयस्कर फाउंड्रीवाल्यांनी दोन ओळी लिहिल्या, त्यांचंही इंग्रजी माझ्यासारखंच, शॉपफ्लोअरचं: मॅग्नेशियम ट्रीटमेंटपासून (ग्रॅफाइट गोल व्हावं म्हणून धातूत मॅग्नेशियम घालतात ती) शेवटचा साचा भरेपर्यंत किती मिनिटं जातात ते घड्याळ लावून मोजा.

मोजली. काही हीटला (भट्टीतल्या धातूच्या एकेका घाण्याला) १४ मिनिटं! क्रेन एक आणि लाइन दोन, त्यामुळे लॅडल लटकत उभी राहायची आणि मॅग्नेशियमचा परिणाम तेवढ्यात उतरून जायचा. आम्ही एकावेळी कमी मेटल घ्यायला लागलो. इथपर्यंत कुणीही करेल. मी पंधरा दिवसांनी त्यांना आधीचे आणि नंतरचे रीडिंग पाठवले, टेबल करून, आणि काय जमलं नाही तेही लिहिलं. ते म्हणाले, इतकी वर्षं लोकांना उत्तरं देतोय, परत येऊन सांगणारी तू पहिलीच. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी बोलणं व्हायचं, कधी वाळूबद्दल, कधी त्यांच्या नातवाबद्दल. नोकरीचा शब्द मी काढला नव्हता. वर्षभराने त्यांनीच कळवलं की त्यांच्या चाकणच्या कस्टमरकडे सप्लायर क्वालिटीत (माल पुरवणाऱ्यांची गुणवत्ता बघणारा विभाग) जागा आहे, अमुक माणसाला माझं नाव सांगून लिही. इंटरव्ह्यू तीन झाले, एकात तर चांगलीच फजिती झाली, पण लागले. प्रत्यक्षात त्यांना मी आजतागायत भेटलेले नाही.

माझं नशीब म्हणाल, तर थोडं आहेच. पण असं का होतं यावर जुना अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं, बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांशी बोलून, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी आठवड्यातून किमान दोनदा भेटणाऱ्या माणसाकडून ती कळलेले जेमतेम १७ टक्के, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी सांगितलेलं. साधं आहे, आपल्या रूम पार्टनरला जे माहीत ते आपल्यालाही माहीत असतंच की. पुढे २०२२ मध्ये सायन्स नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी लोकांवरचा अभ्यास आला, त्यातही अशा थोड्या लांबच्या ओळखी सगळ्यात कामाच्या ठरल्या. अगदीच लांबच्या नाहीत, हे तुमच्या १५० रिक्वेस्टना लागू.

पण त्याच अभ्यासात तुमच्या बाजूचंही एक आहे आणि ते मी आधीच्या लेखात लिहिलं नव्हतं. लांबच्या ओळखींचा हा फायदा जास्त डिजिटल उद्योगांत दिसला, कमी डिजिटल उद्योगांत उलट जवळच्या ओळखी भारी पडल्या. म्हणजे हिंजवडीच्या आयटीवाल्याला जे लिंक्डइनवर मिळतं ते वाळूजच्या शॉपफ्लोअरवर तुमच्या जुन्या शिफ्ट इंचार्जकडून किंवा टूल विकायला येणाऱ्या माणसाकडून मिळायची शक्यता जास्त. तो टूलवाला दिवसाला चार-पाच शॉप फिरतो, कुठे नवीन मशीन आलं, कोण सोडून गेलं, सगळं त्याला ठाऊक असतं. त्याला चहा पाजलात का कधी?

आणि आता जरा तुमच्यावर येते, रागावू नका. तुमचं प्रोफाइल बघितलं. वर लिहिलंय मेहनती, होतकरू, संधीच्या शोधात. असं तर सगळेच लिहितात. आणि मला लिहिलेल्या प्रतिक्रियेत अगदी शेवटी, तेही कंसात, रागाच्या भरात लिहिलंय की ‘फिक्श्चर बदलून सेटअप ४० मिनिटांवरून २५ वर आणला तरी कुणाला पडलेली नाही’ (फिक्श्चर म्हणजे मशीनवर पार्ट पकडून ठेवणारी जोडणी, सेटअप म्हणजे मशीन कामाला तयार करणं). अहो, हे वर टाका ना! मराठीत टाकलंत तरी चालेल, चाकण-वाळूजमध्ये वाचणारे मराठीच आहेत. ड्रॉइंग आणि कस्टमरचं नाव तेवढं टाळा, नाहीतर असलेली नोकरी जायची.

मला स्वतःला त्या फिक्श्चरबद्दल विचारायचंय. आमच्या एका व्हेंडरने दोन्ही लोकेटिंग पिना (पार्ट नेमक्या जागी बसवणाऱ्या) गोल टाकल्यात, पार्ट बसवताना अडकतो, ऑपरेटर हातोडी मारतो. एक पिन डायमंड (चौकटच्या आकाराची, एका दिशेला थोडी मोकळीक देणारी) करा म्हणून मी महिनाभर सांगतेय, ऐकत नाहीत. तुम्ही काय केलं होतंत? इथेच लिहा नाहीतर मेसेज करा, या वेळी उत्तर देईन.