चूल काढली, कोठी ठेवली : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन आठ दिवस झाले. लगेच उत्तर दिलं नाही, कारण पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा त्यातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत हे कळलं. रागाच्या भरात लिहिलं असतं तर त्या दोन गोष्टी मान्य करायच्या राहून गेल्या असत्या.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दापोली तालुक्यात आम्ही एक जुनं चिरेबंदी घर विकत घेतलं. त्याचं स्वयंपाकघर आणि लागून असलेली कोठीची खोली कशी दुरुस्त केली ते मी फोटोंसह लिहिलं होतं. ताईंचं माहेर गुहागरकडचं, घर असंच. त्यांनी लिहिलं: "चूल फोडलीत आणि कोठी जपलीत, हे कुठलं जुन्यावरचं प्रेम? घरात फ्रीज असताना कोठी म्हणजे शहरातल्या माणसांची हौस. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंट फासून घराचा श्वास कोंडलात. धूर गेला की वासे किडतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही? आणि जी बाई त्या चुलीपुढे म्हातारी झाली, तिला एकदा तरी विचारलंत का?"

आधी सिमेंटचं बोलते, कारण तिथे तुमचं पूर्णपणे बरोबर आहे आणि मागच्या लेखात मी ते नीट सांगितलं नव्हतं. फोटोत दिसणारी कोठीची भिंत ही दुसऱ्या खेपेची आहे. पहिल्या खेपेला आम्ही चुकलो.

हे घर आमच्याकडे आलं तेच ओलं होऊन. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मागच्या बाजूची निम्मी कौलं उडाली, आणि आधीच्या मालकांनी ताडपत्री टाकून तो पावसाळा काढला. कोठीची पश्चिमेची भिंत त्या पाण्याने भिजलेली होती. जुना मातीचा गिलावा हात लावला की गळून पडायचा. गवंडी म्हणाला, सिमेंटने करून टाकू, परत बघायला नको. फेब्रुवारीत त्याने आठ दिवसांत भिंत आरशासारखी गुळगुळीत करून दिली. आम्ही खूश.

जुलैत एका सकाळी तांदळाचा डबा काढायला गेले तर जमिनीपासून हातभर उंचीवर भिंतीला फोड आलेले. अंगठ्याने दाबलं तर आतून पोकळ आवाज आला आणि पापुद्रा पापडासारखा मोडून हातात आला. मागे पांढरं, कापसासारखं काहीतरी उगवलं होतं. जिभेला लावून पाहिलं, खारट. लोणा. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पोत्यातल्या दहा किलो तांदळाला कुबट वास लागला होता, तो सगळा कोंबड्यांना घातला.

चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीने तासता येईल असा, आणि उघड्यावर राहिला की टणक होतो. पण त्याची छिद्रं तशीच राहतात. जमिनीतली ओल त्यातून वर चढते. बाहेरचा थर चुन्याचा किंवा मातीचा असेल तर ती ओल वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा थर तिला जाऊच देत नाही. मग ती आणखी वर चढते, सोबत आणलेले क्षार थराच्या मागे साठतात, त्यांचे खडे बनतात, आणि ते खडेच गिलावा आतून ढकलून पाडतात. तुम्ही ज्याला घराचा श्वास म्हणालात तो हाच.

दसऱ्यानंतर सगळं सिमेंट टाकीने फोडून काढलं. सोबत चिऱ्यांच्या कडाही थोड्या निघाल्या, त्याचं वाईट वाटतं. संक्रांतीपर्यंत भिंत तशीच उघडी ठेवली. मग हर्णैकडचे एक वयस्कर गवंडी मिळाले, त्यांनी आयुष्यभर चुन्यात काम केलेलं. त्यांनी कळीचा चुना खड्ड्यात विझवून तीन आठवडे भिजत ठेवायला लावला. मध्ये एकदा मी विचारलं, "आता चालेल का?" तर थापीवर घेऊन दाखवला. "लोण्यासारखा थापीला चिकटून राहायला हवा. घसरतोय अजून." हिरड्याचं पाणी आणि गूळ त्यांनीच मोजून घातलं. थर पातळ, बोटाच्या पेरापेक्षा कमी, आणि एक थर ओढून झाला की दुसऱ्याला दम धरायचा. रोज दोन वेळा पाणी मारायचं, वर गोणपाट. सिमेंट काही तासांत धरतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत महिनोन्महिने पुन्हा दगड होत राहतो, त्याला घाई चालत नाही. सिमेंटला अठरा हजार गेले होते, फोडायला नऊ, आणि चुन्याला एकेचाळीस. जुनं चिऱ्याचं घर घेणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर आमचे सत्तावीस हजार त्यांच्या उपयोगी पडोत.

आता ती भिंत ऑगस्टात खालून फूट-दीड फूट गडद होते आणि नवरात्रापर्यंत सुकते. फोड एकही नाही.

चुलीबद्दल मात्र तुमचं मत मला पटत नाही, ताई. माझी आई लांज्याजवळच्या खेड्यात लग्न होऊन आली आणि छत्तीस वर्षं चुलीपुढे बसली. ओली लाकडं, फुंकणी, डोळ्यांतून पाणी, पदराने पुसायचं आणि पुन्हा फुंकायचं. पन्नाशी उलटल्यावर तिला जिना चढता येईना. मुंबईत डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "विडी-तंबाखू?" आई लाजून नाही म्हणाली. दुसरा प्रश्न, "चुलीवर किती वर्षं?" त्या दिवसापर्यंत हा रोगाचा प्रश्न असू शकतो हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२० या एका वर्षात घरातल्या अशा धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. तो आकडा मी खूप नंतर वाचला. आईचा श्वास मला रात्री शेजारच्या खाटेवरून ऐकू यायचा.

म्हणून त्या स्वयंपाकघरात चूल ठेवायची नाही हे घर बघायला गेलो त्याच दिवशी ठरलं होतं. खोलीला एकच झरोका होता, तोही गोठ्याच्या बाजूला. चुलीच्या वरची भिंत इतकी काळी, की खरवडल्यावर काजळीचा थर सुरीच्या पात्यावर डांबरासारखा चिकटला. तिथे बसून कोणीतरी रोज दोन वेळा पंधरा माणसांचं रांधलं. ते मला जपण्यासारखं वाटलं नाही. जुन्या घरातली प्रत्येक गोष्ट जुनी म्हणून सारख्याच मोलाची असते असं मी मानत नाही. ती काय काम करत होती आणि कोणाच्या जिवावर, हे मी पाहते. चूल अन्न शिजवत होती आणि बाईचा श्वास घेत होती. कोठी फक्त धान्य राखत होती, कोणाचं काही घेत नव्हती. चूल गेली आणि कोठी राहिली ती एवढ्यासाठी. पाणी तापवायला आणि गणपतीत मोठा स्वयंपाक असला की मागच्या पडवीत, उघड्यावर, मातीची नवी चूल घातली आहे. तिचा फोटो टाकायला हवा होता.

नव्या ओट्यावर ग्रॅनाइट आहे, कारण हळद आणि कोकमाचे डाग पुसता येतात. ओट्याची उंची एकतीस इंच ठेवली, माझ्या उंचीला मापून. बाजारातला तयार ओटा घेतला असता तर चौतीसचा आला असता आणि पोळ्या लाटताना माझे खांदे वर चढले असते. बाकी फडताळं, कोनाडे, जमिनीत बसवलेलं उखळ, सगळं होतं तिथे आहे.

आता कोठी. फ्रीज आहे ना, असं तुम्ही म्हणता. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एरवीही मृगापासून गणपतीपर्यंत एखादी फांदी तारेवर पडली की दोन दिवस अंधार. आणि वीज असली तरी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, काय फ्रीजमध्ये भरणार? तुमच्या माहेरी मे महिन्यात आगोट भरत असतील तेव्हा तुम्ही हे माझ्यापेक्षा जास्त पाहिलेलं असणार: उकडे तांदूळ, कुळीथ, नाचणी, चिंचेचे गोळे, आमसुलं, आगळाच्या बाटल्या, फणसाची साटं, पोह्याचे पापड, खडे मीठ, सुक्या मिरच्या. चार महिन्यांचं हे सगळं कोरडं, गार आणि अंधारात राहिलं पाहिजे. जुन्या बांधणाऱ्याने कोठी घराच्या मधोमध, उन्हापासून लांब, दीड हात जाड भिंतींत ठेवली ती त्यासाठी. शेत नसलं तरी पोट असतंच. आम्ही तांदूळ शेजारच्या वाडीतून वर्षाचा एकदम घेतो.

आम्ही बदललं ते थोडकं. जमीन शेणाने सारवलेली होती, तिथे शहाबादी फरशी घातली, कारण घुशीने दोन बिळं केली होती. पोत्यांसाठी वीतभर उंचीचा चौथरा, भिंतीपासून वीतभर सोडून, म्हणजे मागून हवा फिरते आणि झाडूही जातो. फळ्या कडाप्प्याच्या. झरोक्याला बारीक जाळी. वर एक कौल काढून काचेचं कौल बसवलं होतं, पण त्याचं ऊन दुपारी थेट लोणच्यांवर यायचं, म्हणून ते पुन्हा साधं केलं. डाळींना एरंडेलाचा हात, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि सगळं भरायच्या आधी दोन कडक उन्हं. ओलसर धान्य डब्यात बंद केलं की सोंडे होणारच, मग पाला कितीही घाला. सोडे, सुकट ही सुकी मासळी मात्र कोठीत नाही, ती मागच्या पडवीत पत्र्याच्या डब्यात. नाहीतर साटांना बोंबलाचा वास.

वाशांचं तुम्ही लिहिलंत ती दुसरी खरी गोष्ट. चूल गेल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात माळ्याखालच्या तुळईतून पिवळसर भुगा पडायला लागला. सकाळी ओटा पुसला की संध्याकाळी पुन्हा रांगोळीसारखी रेघ. इतकी वर्षं धुराने लाकूड कोरडं आणि कडू ठेवलं होतं, ते काम आता करणारं कोणी नव्हतं. सुताराने तुळई टोचून पाहिली, आत अजून घट्ट होती. मग काजूच्या टरफलाचं तेल दोन हात लावलं. होड्यांना लावतात तेच. ते कातडीला भाजतं, सुताराच्या मनगटावर एक थेंब पडला तर काळा डाग महिनाभर होता, तेव्हा हातमोज्यांशिवाय कोणी करू नये. भुगा थांबला आहे. दर दोन वर्षांनी पुन्हा लावावं लागेल असं सुतार म्हणतो. धुराची ही बाजू मला आधी माहीत असायला हवी होती.

आणि शेवटचा प्रश्न, जो सगळ्यात लागला. हो, विचारलं होतं. आधीच्या मालकांच्या आई किल्ल्या द्यायला स्वतः आल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्याविषयी लिहिलं नाही, कारण त्यांची परवानगी घेतली नव्हती. आता मुलामार्फत विचारून लिहिते आहे. स्वयंपाकघरात त्या चुलीपाशी थांबल्याच नाहीत. पूर्वेच्या भिंतीकडे गेल्या, तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "इथे खिडकी मागितली होती मी. सासऱ्यांकडे मागितली, मग ह्यांच्याकडे मागितली. भिंत कमजोर होईल म्हणायचे." मग कोठीत जाऊन मिठाची बरणी कुठे ठेवायची तो कोपरा दाखवला. पश्चिमेच्या भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, "इथे काही ठेवू नकोस, ही भिंत रडते." मी ते ऐकून घेतलं आणि गवंड्याला सांगितलं नाही. सिमेंटच्या वेळी ती आठवण झाली असती तर बरं झालं असतं.

खिडकी तिथेच काढली आहे. वर चिऱ्याची कमान घेतली, भिंतीला काही झालं नाही. सकाळी आठपर्यंत ऊन ओट्यावर असतं.

तुमच्याकडे आता माझंच एक काम आहे. तुम्ही लिहिलंय की माहेरी कोठीत कणगी, म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली, होती आणि तुमची आजी ती दर वर्षी सारवायची. आम्ही बुरुडाला कणगी सांगितली आहे, पाच मण भात मावेल एवढी, चैत्रात आणून देणार आहे. सारवण आतून करायचं की दोन्ही बाजूंनी? नुसतं शेण, की त्यात राख किंवा वारुळाची माती? आणि तळाशी काय घालायचं, पेंढा की भाताचं तूस? इथे वाडीत तिघींना विचारलं, तिघींनी तीन गोष्टी सांगितल्या. तुमच्या आजी काय करायच्या ते सविस्तर लिहाल का?