युनिकॉर्न पकडायला निघालेल्यांनो, जरा थांबा

आज एक जाहिरात दिसली : 'दहा हजारांत एंजल इन्व्हेस्टर व्हा, पुढचा युनिकॉर्न तुमचा!' (एंजल इन्व्हेस्टर म्हणजे नव्या कंपनीत सुरुवातीलाच स्वतःचे पैसे घालणारा, युनिकॉर्न म्हणजे अब्ज डॉलर मोलाची झालेली नवी कंपनी.) खाली लाइक्सचा पाऊस. डोकंच फिरलं.

उदाहरण कसलं दिलंय, तर इनमोबी या मोबाइल जाहिरातींच्या कंपनीचं. मग तेच नीट बघू. २००६ साली साशा मीरचंदानी आणि प्रशांत चोक्सी यांनी मुंबई एंजल्स हा एंजल गुंतवणूकदारांचा गट उभा केला. पुढच्या वर्षी या गटाने एमखोज नावाच्या कंपनीत पैसे घातले. धंदा एसएमएसवरून माहिती शोधून देण्याचा. तो चालला नाही! कंपनी मोबाइल जाहिरातींकडे वळली, इनमोबी झाली आणि २०११ मध्ये जपानच्या सॉफ्टबँक या बड्या गुंतवणूकदार कंपनीने २० कोटी डॉलर जाहीर केले. लोकांना पाठ असतं फक्त हे शेवटचं.

मधली हमाली कोण सांगणार? गटातला एक जण लीड घेतो, म्हणजे पुढाकार घेऊन शेअरचा भाव ठरवतो, टर्मशीट म्हणजे अटींचा मसुदा करतो. सीए आणि वकील बँक स्टेटमेंटं, आधीच्या शेअरवाटपाचे कागद उपसतात. पैसे आल्यावर ६० दिवसांत शेअर द्यायचे, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. तेही चुकलं तर १२ टक्के व्याज. शेअर दिल्याची सरकारी नोंद करणारा पीएएस-३ फॉर्म भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. हमखास चूक इथेच होते. पगार थकलेले असतात, संस्थापक त्यातूनच भागवतो आणि पैसे उभारायच्या पुढच्या फेरीत नव्या गुंतवणूकदाराचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

वर २०१२ पासून एंजल टॅक्स! वाजवी मूल्यापेक्षा जास्त भावाने शेअर दिले की वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरून त्यावर कर. अहो, भांडवल आहे ते! शेअर प्रीमियमच्या आडून काळा पैसा फिरायचा, कबूल. पण एमखोजसारखी कंपनी धंदाच बदलते, तिचे जुने अंदाज खरे ठरणार कसे? प्राप्तिकरवाले साहेब मात्र मूल्यांकन अहवाल आणि ताळेबंद शेजारी ठेवून जाब विचारणार. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात हा टॅक्स गेला एकदाचा.

हे गट म्हणजे ओळखीपाळखीच्या लोकांचे क्लब, हेही खरंच. २०२२ मध्ये मुंबई एंजल्सही ३६० वन या श्रीमंतांचे पैसे सांभाळणाऱ्या कंपनीकडे गेलं. तरी एमखोजसारख्या कंपनीत चार जणांनी मिळून, कागद तपासून पैसे घालायची रीत इथे रुजवली ती अशाच गटांनी.

असो. पैसे घालायचेच असतील तर आधी कॅप टेबल (कुणाकडे किती शेअर आहेत तो तक्ता) मागा, मागच्या फेरीचा पीएएस-३ मागा आणि लीडने स्वतःचे किती घातलेत ते विचारा. लीडच नसेल तर फोन ठेवून द्या.