सगळ्या ऑटोइम्यून आजारांचे खापर एकाच विषाणूवर फोडण्याआधी

प्रत्येक ऑटोइम्यून आजाराच्या (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते) मुळाशी एपस्टाइन-बार हा दडलेला विषाणू असतो, रक्ताच्या तपासणीत तो हमखास सापडतो, आणि प्रतिकारशक्ती वाढवून तो बाहेर काढला की स्टेरॉइड बंद करता येतात, अशा आशयाचा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यात खऱ्या संशोधनाचा एक धागा आहे, आणि नेमके त्यामुळेच तो वाचणाऱ्याला पटतो. म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहणे आवश्यक वाटते.

विषाणूचा संबंध असतो हे खरेच आहे, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू व मज्जारज्जूच्या ऑटोइम्यून आजाराच्या बाबतीत तो विलक्षण स्पष्ट आहे. अमेरिकी सैन्यदलातील एक कोटीहून अधिक जवानांच्या नोंदी आणि एचआयव्ही तपासणीनंतर साठवून ठेवलेले त्यांचे रक्तनमुने यांवर आधारलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हा आजार झालेल्या ज्या ८०१ जणांचे नमुने उपलब्ध होते, त्यांपैकी ३५ जणांच्या पहिल्या नमुन्यात एपस्टाइन-बारच्या संसर्गाची खूण नव्हती. मात्र आजार सुरू होण्यापूर्वी त्यांतील ३४ जणांना संसर्ग होऊन गेला होता. संसर्गानंतर आजाराचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढलेला दिसला, तर तसाच लाळेतून पसरणाऱ्या सायटोमेगॅलो या दुसऱ्या विषाणूमुळे तशी वाढ दिसली नाही. त्याच वर्षी आणखी एका संशोधनात असे आढळले की या विषाणूच्या एका प्रथिनाविरुद्ध तयार झालेली काही प्रतिपिंडे (संसर्गाशी लढणारी रक्तातील प्रथिने) मज्जासंस्थेतील साधर्म्य असलेल्या प्रथिनालाही चिकटतात. एवढा भक्कम पुरावा अन्य बहुतेक ऑटोइम्यून आजारांत आजवर मिळालेला नाही, त्यामुळे एका आजाराचा निष्कर्ष सरसकट सगळ्यांना लावणे चुकीचे आहे. शिवाय संसर्गाने सुरू होणाऱ्या अशा आजारांत दर वेळी विषाणूच असतो असेही नाही: संधिवाताच्या तापामागे स्ट्रेप्टोकॉकस आणि गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजारामागे अनेकदा कॅम्पायलोबॅक्टर असतो, आणि हे दोन्ही जिवाणू आहेत.

तपासणीचा दावा तर मुळातच निकाली निघतो. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना हा संसर्ग कधी ना कधी झालेला असतो आणि त्याविरुद्धची आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे जन्मभर रक्तात राहतात. म्हणजे थायरॉइडच्या रुग्णाच्या अहवालात जे ‘पॉझिटिव्ह’ येते, तेच त्याच्या निरोगी शेजाऱ्याच्या अहवालातही येईल. संसर्ग जवळपास सर्वांना होतो आणि आजार मोजक्यांनाच, यावरूनच उघड आहे की त्याला आनुवंशिकतेसह इतर घटकांची जोड लागते. ती आनुवंशिकताही एकटी पुरत नाही, कारण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला तरी बहुतेक वेळा दुसऱ्याला तो होत नाही.

विषाणू ‘बाहेर काढण्या’विषयी सांगायचे तर एपस्टाइन-बार हा बी पेशी या प्रतिकारयंत्रणेच्या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये सुप्तावस्थेत राहतो, आणि अ‍ॅसायक्लोव्हिरसारखी विषाणूविरोधी औषधे केवळ गुणाकार करणाऱ्या विषाणूवरच काम करतात. तो शरीरातून पूर्णपणे घालवणारे कोणतेही औषध, काढा किंवा आहार आज उपलब्ध नाही. हेपटायटिस सी या यकृताच्या विषाणूमुळे होणारा क्रायोग्लोब्युलिनेमिया (रक्तवाहिन्यांना दाह करणारा प्रतिकारयंत्रणेचा आजार) हा मात्र खरा अपवाद आहे; तिथे विषाणूविरोधी औषधांनी मूळ संसर्ग बरा होतो आणि पुष्कळदा रक्तवाहिन्यांचा दाहही ओसरतो. पण तिथे विषाणू सक्रिय असल्याचे रक्तात थेट दाखवता येते.

सर्वांत धोकादायक भाग शेवटचा आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवून स्टेरॉइड बंद करण्याचा. ऑटोइम्यून आजारात प्रतिकारशक्ती दुबळी पडलेली नसते, तर ती स्वतःच्याच पेशींवर उलटलेली असते. पूर्वी हेपटायटिस सीवर इंटरफेरॉन देत असत, तेव्हा प्रतिकारयंत्रणा चेतवणाऱ्या या औषधामुळे काही रुग्णांना नव्यानेच थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार जडला होता. आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी) शरीराला लागणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक पुरेसे बनवेनाशा झालेल्या असतात, त्यामुळे गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. डोस कमी करायचाच असेल, तर तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानेच करावा लागतो.