पानावरचा मळ

पैठणच्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय: नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, तरंगते सौर पॅनल बसवायचा प्रकल्प. चुलतभावानं काठाचा फोटो टाकला. हिरवट पाणी, दगडांवर बुळबुळीत थर. खाली लिहिलं, "दादा, ह्या शेवाळ्यावर पॅनल टाकले तर कुणाचं काय बिघडणार हाय?" मी दोन ओळी लिहिल्या, तर लगेच उत्तर: "तुम्हाला तिकडं बसून बोलायला काय जातंय." खरंय. रात्री दोनला वीज आली की मोटार चालू करायला उठतो तो, मी नाही.

तरी बोलतो. कारण त्या थराची किंमत मला इथं, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर कळली.

जुलैत लेकीला घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलो होतो. हातात तळाला काच बसवलेली बादली. खाली समुद्री गवत डोलत होतं. हे शेवाळ नव्हे; मुळं, फुलं असलेली खरीखुरी वनस्पती. जुन्या पानांची टोकं मात्र तपकिरी, केसाळ. मला वाटलं, कुजली. नीट पाहिलं तर पानावर शेवाळाचा थर, अन् त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी, पिसवेसारखे वाकडे, उड्या मारणारे जीव. गवताचं पान चिवट, आपल्या कडब्यासारखं; ते थेट खाणारे थोडेच. शेवाळ कोवळं, पचायला सोपं. बारक्यांचं पोट बरंचसं त्याच्यावर भरतं. त्या बारक्यांवर मासे जगतात. कॉड ह्या मोठ्या समुद्री माशाची पिल्लंही ह्याच गवतात लपून वाढतात.

आणि चरणारे फुकट चरत नाहीत. थर जाड झाला की पानाला ऊन मिळत नाही. ते तो पातळ ठेवतात.

इथल्या लोकांनीही ह्याची पार वाट लावली, हे भावाला मुद्दाम सांगितलं. 1980 च्या दशकापासून ह्या किनाऱ्याच्या मोठ्या पट्ट्यातलं अर्ध्याहून जास्त गवत गेलं. खतांचा अंश समुद्रात उतरला, शेवाळ माजलं. त्यात कॉड भरमसाट पकडला; मग तो ज्यांना खायचा ते छोटे मासे अन् खेकडे वाढले, त्यांनी चरणारे जीव फस्त केले. शेवाळाला आवर घालणारं कुणी उरलं नाही. आता पाणबुडे एकेक काडी हातानं लावताहेत.

नाथसागर गोड्या पाण्याचा, तिथं समुद्री गवत नाही. पण ऊन, थर, बारके जीव, मासे ही साखळी तिथंही आहे, आणि 1986 पासून ते पक्षी अभयारण्य आहे. 2025 मध्ये कहार मच्छीमारांची प्रकल्पाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मला वीज नको असं नाही. पण पॅनल खोल पाण्यात ठेवा, उथळ काठ उघडा सोडा. आणि काठ कुठला, ते मे महिन्यातलं पाणी बघून ठरवा. जायकवाडीचा काठ पावसाळ्यात एकीकडं अन् उन्हाळ्यात कुठल्या कुठं असतो. हे ग्रुपवरच्या एकाही हुशारानं विचारलेलं नाही. (त्यात मीही आलो, मलाही हे फार उशिरा सुचलं.)

भावानं काल एका दगडाचा फोटो पाठवला. "काहीच दिसत नाही." म्हटलं, कोरडा कशाला बघतोस, पांढऱ्या ताटात पाणी घे अन् त्यात ठेव. रविवारी बघतो म्हणालाय.