डेथ परेड आणि न शिवणारा कावळा

(स्पॉइलर आहेत. बघायची असेल तर आधी बघून या, बाराच भाग आहेत.)

२०१५ ची जपानी अ‍ॅनिमे मालिका 'डेथ परेड' परवा पुन्हा पाहिली. मॅडहाउस स्टुडिओची, दिग्दर्शक युझुरु ताचिकावा. सुरुवातीचं गाणं इतकं नाचरं की आपण पार्टीलाच आलोय असं वाटावं. आणि मग पहिल्याच भागात हनिमूनला निघालेलं जोडपं एका बारमध्ये पोचतं. आपण मेलोय हे दोघांनाही आठवत नसतं. बारटेंडर डेसिम, खरं तर मेलेल्यांचा निवाडा करणारा, अदबीनं सांगतो, खेळ खेळावा लागेल, पणाला जीव. खेळ डार्ट्सचा, बोर्डावर बाण लागला की जोडीदाराच्या अंगात कळ. बघता बघता नवऱ्याच्या डोक्यातला संशय बाहेर येतो आणि बायको 'पैशासाठीच लग्न केलं' म्हणून हसत सुटते. निकाल: त्याला पुनर्जन्म, तिला शून्य, म्हणजे पुन्हा जन्म नाहीच.

मीही म्हटलं, बरोबर झालं! दुसऱ्या भागात तोच प्रसंग पडद्यामागून दिसतो. डेसिमची काळ्या केसांची मदतनीस म्हणते, नवऱ्याला अपराधी वाटू नये म्हणून ती खोटं बोलली असेल. डेसिमच्या हे मनातही आलेलं नसतं.

जपान्यांचा एन्मा म्हणजे आपला यमच, बौद्ध धर्माचं बोट धरून तिकडे गेलेला. त्याच्याकडे मेलेल्याची कर्मं दाखवणारा आरसा असतो म्हणे. डेसिमचं तसंच. मृतांच्या आठवणी त्याला मिळतात, पण त्या कशा जगल्या गेल्या ते कळायला लागणारं मन नाही. म्हणून मग माणसाला कोंडायचं, दुखवायचं, घाबरवायचं आणि त्याच्या मनातला काळोख मोजायचा. अहो, पण तो काळोख निम्मा तुम्हीच तयार केलात की! नवव्या भागात ती मदतनीस हेच जीव तोडून सांगते. तो भाग मला एका बैठकीत बघवला नाही.

मावशीच्या दहाव्याला कावळा शिवेना. मग घाटावर एकेकाचं सुरू झालं. 'धाकटीच्या लग्नात जीव अडकलाय.' 'काशीला जायचं राहिलं.' 'थोरल्याशी अबोला होता ना!' कुणाच्या मनात काय सलत होतं, तेवढंच त्या तासाभरात कळलं. मावशीबद्दल काहीच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. मीही हात जोडून काहीतरी कबूल केलं होतं, ते अजून केलेलं नाही.

मालिकेतली ती मदतनीस म्हणजे चियुकी. स्केटिंग करायची, गुडघा गेला, मग स्वतःच जीव दिला. शेवटच्या भागात डेसिम तिला तिच्या घरी नेतो. तिथे आई रडतेय. समोर एक बटण: दाबलं तर ती परत जिवंत, पण त्या बदल्यात जगातलं दुसरं कुणीतरी मरणार. ती दाबत नाही. आणि डेसिम, ज्याला रडता यायला नको, तो रडतो.

मग पुन्हा लिफ्ट उघडते, नवे पाहुणे येतात. या वेळी डेसिम हसून स्वागत करतो.