मिस्ट्री हाउस: चित्रं आली आणि शब्द आटले

'मिस्ट्री हाउस'चा विषय निघाला की लोक एकच सांगतात: घरच्या कॉम्प्युटरवरचा, चित्रं असलेला पहिला अ‍ॅडव्हेंचर गेम, म्हणजे आज्ञा टाइप करत गोष्टीतून वाट काढायचा खेळ. मान्य. पण खेळायला कसा आहे? माझं मत विचाराल तर बेताचाच. त्यातली खरी करामत स्क्रीनवर दिसतच नाही.

साल १९८०, कॅलिफोर्निया. रोबर्टा विल्यम्सला 'कोलोसल केव्ह' या निव्वळ शब्दांवर चालणाऱ्या गेमचं वेड लागलेलं. तिला तसाच गेम हवा होता, पण चित्रांसकट. गोष्ट आणि चित्रं तिची, प्रोग्रॅमिंग नवऱ्याचं, म्हणजे केनचं. मशीन अ‍ॅपल टू, त्या काळचा घरगुती कॉम्प्युटर.

आता हिशोब बघा. अ‍ॅपल टूचं एक पूर्ण चित्र मेमरीत ८ केबी जागा खातं. गेममध्ये चित्रं साधारण ७०, म्हणजे झाले ५६० केबी. आणि त्या काळच्या फ्लॉपीत दीडशे केबीसुद्धा मावत नव्हते! केननं चित्र साठवलंच नाही. रेघ कुठून कुठे जाते, तेवढे बिंदू साठवले आणि प्रत्येक खोलीत शिरताना मशीनकडून चित्र नव्यानं काढून घेतलं. मला विचाराल तर सगळी वाहवा इथेच द्यावी.

कारण चित्रं म्हणाल तर आनंद आहे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा, आणि माणसं पहिलीतल्या पोरानं पाटीवर काढावीत तशी. घरात शिरलात की सात जण रांगेत उभे: प्लंबर, मेकॅनिक, शिंपीण, सर्जन, कबरी खणणारा, खाटीक, स्वयंपाकीण. जवळच चिठ्ठी: घरात मौल्यवान जवाहीर लपवलंय, सापडेल त्याचं. मग एकेकाचं प्रेत सापडायला लागतं. त्या सात जणांशी बोलायची सोय नाही, कुणावर संशय घ्यावा असं कुणी काही करतही नाही. याला रहस्यकथा म्हणायचं?

एक गोष्ट मात्र जमलीय. खेळता खेळता अंधारून येतं. मेणबत्ती आणि काड्यापेटी जवळ नसेल तर बसा चाचपडत. मेणबत्ती मिळाली म्हणून ऐटीत निघालात की गालिच्याला अडखळून आग लावून घेता. मी मोठ्यानं हसलो.

माझी तक्रार वेगळीच आहे. 'कोलोसल केव्ह'मध्ये गुहेचं वर्णन वाचताना गुहा डोळ्यांपुढे उभी राहायची. इथे चित्र आहे म्हणून वर्णन एका ओळीवर आलं, आणि चित्र इतकं तोकडं की ती उणीव भरून निघत नाही. चित्रात दार दिसतं, पण ते उत्तरेला की पूर्वेला हे ताडत बसा. वर आज्ञा दोन शब्दांतच द्यायची, 'ओपन डोअर' छापाची. अर्धा वेळ खुनी शोधण्यात नाही, गेमला समजेल असा शब्द शोधण्यात जातो.

लोकांना याचं काही वाटलं नसावं. २४.९५ डॉलरला, प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घालून विकलेला हा गेम दहा हजारांहून जास्त खपला आणि त्यावर पुढची 'सिएरा' कंपनी उभी राहिली. १९८७ मध्ये त्यांनी तो सर्वांसाठी खुलाही केला. एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही, फक्त कागद-पेन्सिल घेऊन नकाशा काढत खेळा.

मी आता त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा गेम घेतलाय, 'विझर्ड अँड द प्रिन्सेस'. यात रंग आहेत. सुरुवातीलाच वाळवंटात साप वाट अडवतो, त्याला हाणायला दगड हवा, आणि दगड उचलायला जावं तर खाली विंचू. खाली विंचू नसलेला दगड एकच आहे म्हणे.